एक दार, दोन कुलपं

आमच्या गल्लीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. शाळेत त्या गणिताच्या बाई आणि गल्लीत कुलूपबाई. नाव पोरांनी ठेवलं होतं आणि चुकीचं ठेवलं नव्हतं. बाईंच्या घराच्या पुढच्या दाराला एकाच कोयंड्यात दोन कुलपं असायची, एकाच दुकानातली, एकाच मापाची. बाई शाळेतून आल्या की पिशवी पायरीवर टेकवायच्या, कमरेची जोडकिल्ली काढायच्या आणि एकामागून एक दोन्ही उघडायच्या. पहिलं उघडायच्या ते त्यांचं स्वतःचं नसायचं. ते साहेबांचं, म्हणजे त्यांच्या घटस्फोट झालेल्या नवऱ्याचं. आपलं कुलूप त्या नंतर उघडायच्या, आणि हा क्रम मी एकदाही चुकलेला पाहिला नाही.

न राहवून मी एकदा विचारलंच, "बाई, आधी साहेबांचं काऊन?" त्या म्हणाल्या, "आपलं आधी उघडलं की दुसऱ्याच्या कुलपाचा राग येते. दुसऱ्याचं आधी उघडलं की आपल्याच घरात चाललो असं वाटते. करून पाहा." करून पाहायला माझ्याकडे तेव्हा ना नवरा होता ना घर. मी गोंदियाच्या लोकल केबलवर संध्याकाळी सातच्या बातम्या वाचायची. शिक्षिकेची पदविका हातात होती, नोकरी मिळत नव्हती, आणि बातम्यांत दिसायला बरी अशी एकच साडी होती. ही साडी लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरून बराच गोंधळ झाला.

बाई आणि साहेब कायद्याने वेगळे झाले आणि राहिले त्याच घरात. साहेब पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी कुठल्या धानाच्या बांधीला कधी सुटतं ते पाहायचे. दोघांमध्ये मारझोड नव्हती, दारू नव्हती, तिसरं माणूस नव्हतं. गल्लीची पंचाईत झाली ती यामुळेच. काहीतरी कारण सापडलं असतं तर लोकांनी एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला नावं ठेवली असती आणि सगळे मोकळे झाले असते. बाई सांगायच्या, "भांडण असतं तर निभलं असतं. आमच्यात बोलणंच नव्हतं. पाच वर्षं आम्ही सोनलच्या तोंडून बोललो. बाबांना सांग, मीठ संपलं. आईला सांग, आणतो. पोरगी पार पोस्टमन होऊन गेली होती." सोनल ही त्यांची एकुलती एक लेक. ती पोस्टमनकी करून थकली हे दिसल्यावर दोघांनी शांतपणे कोर्टात जाऊन अर्ज केला, आणि बाई म्हणायच्या त्याप्रमाणे, त्या अर्जावर दोघांचं बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा एकमत झालं.

प्रश्न घराचा आला. घर दोघांनी मिळून बांधलेलं, विटा भिजवण्यापासून. सगळे नातेवाईक विचारू लागले, निघणार कोण? बाईंचं उत्तर ठरलेलं होतं: "नवरा सोडला मी. घर नाही सोडलं." साहेबांचंही तेच होतं, फक्त ते बोलत नव्हते. मग पुढच्या दोन खोल्या साहेबांच्या, मागच्या दोन बाईंच्या, मधली सोनलची. स्वयंपाकघर बाईंकडे गेलं म्हणून साहेबांनी पडवीत स्टोव्ह मांडला. दार मात्र एकच होतं.

कोर्टाचा कागद हातात पडला त्या दुपारी दोघंही वेगवेगळे बाजारात गेले आणि एकाच दुकानातून एकसारखं कुलूप घेऊन आले. सकाळी दोघं एकदमच बाहेर पडले, बाईंनी आपलं लावलं आणि मागोमाग साहेबांनी त्याच कोयंड्यात आपलं. दोन शिकलेली माणसं, एक गणिताची आणि एक पाण्याचा हिशेब ठेवणारा, पण संध्याकाळी आत कसं जायचं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. बाई पाच वाजता येऊन पायरीवर बसल्या. साहेब चोरखमाऱ्याहून सात वाजता आले. दुसऱ्या दिवशी बाईंची मीटिंग होती, त्या दिवशी साहेब पायरीवर. अख्खी गल्ली खिडक्यांतून बघून राहिली होती आणि मीही त्यात होते, कबूल करते. तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या डब्याच्या पिशवीत साहेबांच्या कुलपाची दुसरी किल्ली निघाली, आणि बाईंनी आपली दुसरी किल्ली, लाल दोरा बांधून, साहेबांच्या खुंटीला टांगली. घटस्फोटानंतर त्यांनी एकमेकांना दिलेली ही पहिली वस्तू. किल्ल्या बदलल्यावर दोन कुलपांची गरजच काय, असं मी विचारलं तर बाई म्हणाल्या, "गरज नाही. पण घर दोघांचं आहे हे दाराला माहीत असलं पाहिजे."

शाळेत बाईंचा शब्द एकच: "पुन्हा एकदा." गणित चुकलं, पुन्हा एकदा. बरोबर आलं पण घाईत केलं, पुन्हा एकदा. मी त्यांची विद्यार्थिनी, त्यामुळे हा शब्द अजूनही ऐकला की पाठ ताठ होते. पण त्याची खरी करामत मी गणितात नाही, भांडणात पाहिली. वर्गात दोन पोरी भांडल्या की बाई त्यांना समोर उभं करायच्या आणि तक्रार सांगायला लावायच्या. सांगून झाली की, "पुन्हा एकदा. अगदी तसंच." पहिल्यांदा पोरगी रडत रडत सांगायची, दुसऱ्यांदा नुसती सांगायची, तिसऱ्यांदा मधेच थांबून स्वतःच्या तक्रारीकडे जरा लाजून बघायची. चौथी वेळ मी फारशी आलेली पाहिली नाही. बाई म्हणायच्या, "राग एका दमाचा असते. दुसऱ्या दमाला तो उरत नाही."

आता या घरावर झालेल्या मालिकेकडे येते. एका रविवारी सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर बाईंनी मला गाठलं. त्या मला 'बातमी'च म्हणायच्या. "काय वं बातमी, तुझ्या चॅनलवर नाटक दाखवतात का?" मी म्हटलं, कशाचं नाटक? "आमच्या घराचं. घटस्फोट झालेले आईबाप एकाच घरात राहतात त्याचं. हसवणारं." मी पोह्यांची बशी खाली ठेवली. बाईंनी मग खरं कारण सांगितलं. सोनल तेव्हा नववीत होती. वर्गातल्या पोरी तिला विचारायच्या, आज तू पुढच्या घरात जेवली का मागच्या? ती घरी येऊन कोणाशी बोलेनाशी झाली होती, आणि मामाकडे दवनीवाड्याला राहायला जाते म्हणत होती. "लोक मागून हसून राहिले, बातमी. मागून हसतात म्हणून पोरगी मान खाली घालते. मग समोर बसवून हसवू ना त्यांना. समोर बसून हसलेला माणूस मागून हसत नाही."

चॅनलचे शेठजी ऐकून खुर्चीतून उठलेच. "अरे बाई, तलाक पे कॉमेडी? पब्लिक पत्थर मारेगी!" बाई शांतपणे म्हणाल्या, "पब्लिक नाही मारणार. माझे नातेवाईक मारतील, त्यांना मी ओळखते." शेठजींची मुलगी बाईंच्या वर्गात होती आणि गणितात काठावर होती. बाईंनी त्या गोष्टीचा उल्लेखही केला नाही. शेठजींना ती आपोआप आठवली असावी, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी रविवारी संध्याकाळी सहाची वेळ दिली. त्या वेळी लोडशेडिंग नसायचं.

कॅमेरा यासीनभाईंचा. ते लग्नांचं शूटिंग करायचे, आणि त्यांच्या मिक्सिंगच्या मशीनमध्ये फक्त लग्नाचेच इफेक्ट होते. त्यामुळे आमच्या घटस्फोटाच्या मालिकेत एक प्रसंग संपून दुसरा सुरू व्हायचा तो पडद्यावर लाल बदाम फिरत. कोर्टाच्या निकालावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. मी कळवळून म्हटलं, यासीनभाई, हे काय? ते म्हणाले, "दीदी, मशीन में तलाक का कुछ नहीं है. कंपनी ने सोचा ही नहीं." बाई मात्र खूश होत्या. पाकळ्या राहू द्या म्हणाल्या.

बायकोची भूमिका बाईंचीच होती. "माझं काम दुसरी काऊन करेल?" नवऱ्यासाठी देवरीकडचा एक नाटकवाला आणला. माणूस गुणी, पण त्याची सवय शेतातल्या उघड्या मांडवात हजारो लोकांपुढे बोलायची. घराच्या पुढच्या खोलीत तो "मीठ संपलं?" असं म्हणाला की मांडणीवरची भांडी वाजायची. शिवाय तो बोलत असताना पडद्यामागून, म्हणजे खऱ्या साहेबांच्या शेजारच्या खऱ्या खोलीतून, पेपरमागून आवाज यायचा, "असा नाई बोललो होतो मी." एकदा, दोनदा, दर रविवारी. दिवाळी झाली, गावोगावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, नाटकं सुरू झाली आणि आमचा नायक बॅग उचलून चालता झाला. तीन भाग झालेले, चौथ्याला नवराच नाही. बाईंनी पेपरच्या दिशेने पाहिलं आणि माझ्यामार्फत निरोप दिला, "त्यांना विचार, असा नाही तर कसा बोलले होते ते करून दाखवतील का?" पेपर एकदा खसखसला. मग खाली आला.

साहेबांना संवाद पाठ होत नसत. ते कॅमेऱ्याकडे बघत नसत, खरं तर कोणाकडेच बघत नसत, आणि लोकांना तेच आवडलं. सोनल काम करायला तयार नव्हती, म्हणून निरोप्याचं काम शेजारीण करते असं बाईंनी लिहिलं होतं आणि ती शेजारीण मी. मधल्या दारात उभी राहून मी इकडचं तिकडे सांगायची, आणि भाग संपताना कॅमेऱ्याकडे वळून, सातच्या बातम्यांच्या आवाजात आणि त्याच साडीत, म्हणायची, "आता या घरातल्या ठळक घडामोडी." ही कल्पनाही बाईंचीच होती.

सहाव्या भागात एक गंमत झाली, आणि मी तिला गंमत म्हणते कारण दुसरा शब्द सापडत नाही. प्रसंग असा की साहेब चहाचा कप घेऊन उभे, आणि त्यांनी मला सांगायचं, बाईंना सांग चहा थंड आहे. साहेबांनी घोट घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ बाईंकडे बघून म्हणाले, "आलं नाई टाकलं आज?" मी मधल्या दारात तशीच उभी. बाईंनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "संपलं. येताना आणा." बस, एवढंच. कागदावर यातलं काही नव्हतं. मी ओशाळून मान वळवली. त्या भागाला गोंदियात लोक सगळ्यात जास्त हसले. कोणी म्हणेल, झालं, आता ती दोघं एकत्र आली. मुळीच नाही. ती बोलायला लागली. त्यांना तेवढंच हवं होतं आणि तेवढंच कोणी आजवर करू दिलं नव्हतं.

मालिका चालली, पण ज्या पोरीसाठी ती केली तिला काही सुख झालं नाही. आता शाळेत अख्खा वर्ग तिला संवाद म्हणून दाखवायचा. आधी दोघी-चौघी चिडवायच्या, आता सगळ्या. सोनलने आईशी बोलणं टाकलं, आणि मग साहेबांशीही. बाई तालमीला बसायच्या पण नजर मधल्या खोलीच्या बंद दारावर. एकदा मला म्हणाल्या, "गणित चुकलं का गं माझं?" बाईंच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात एकदाच ऐकलं.

त्यात नववा भाग गेला. कथेत नवरा-बायको हट्टाला पेटतात, बायको म्हणते, येत्या रविवारी एकाचं सामान बाहेर. आणि मी नेहमीप्रमाणे कॅमेऱ्याकडे वळून सांगितलं, "येत्या रविवारी या घरातून एक जण कायमचं बाहेर पडणार असल्याचं समजतं." आमच्या कॅसेटी बसने दवनीवाड्यालाही जायच्या, तिथला केबलवाला सोमवारी लावायचा. बाईंचे मोठे भाऊ, सोनलचे मामा, तिथे धानाची शेती करायचे. बहिणीच्या घटस्फोटापासून त्यांनी गोंदियाच्या घराची पायरी चढली नव्हती. आधीचे आठ भाग रागाने पाहिले नव्हते. नववा पाहिला. आणि त्यांनी, आणि त्यांच्याबरोबर बसलेल्या गावाने, तो खरा धरला. बातम्यावाली पोरगी, बातम्यांची साडी, बातम्यांचा आवाज. बाकीचं नाटक असेल, पण बातम्यावाली काही खोटं सांगत नाही. माझ्यावर इतका विश्वास पुन्हा कोणी ठेवला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही दहाव्या, शेवटच्या भागाची मांडामांड करत होतो तेवढ्यात दारात जीप थांबली. मामा उतरले, आणि त्यांच्यामागे गावातले चार जाणते, पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या. मामा आले ते थेट पुढच्या खोलीत. "काऊन गा," ते साहेबांना म्हणाले, "माह्या बहिनीले घराबाहेर काढून राहिला तू?" मी पुढे होऊन म्हणाले, मामा, ते नाटक होतं. मामांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तूच त सांगतली."

मग मामा बाईंकडे वळले. नाटक असो का खरं असो, पोरीचे हाल होऊन राहिले, गाव हसून राहिलं, दोघांपैकी एकानं निघावं, आणि ते होईस्तोवर सोनल दवनीवाड्याला राहील. हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मधल्या खोलीचं दार उघडलं. सोनल बॅग भरून उभी होती. खरी बॅग, वह्या-पुस्तकांसकट. तिने आईकडे पाहिलं नाही.

बाईंचा चेहरा उतरला. दोन वर्षं गल्ली हसली तेव्हा तो उतरला नव्हता, कोर्टात उतरला नव्हता. मला वाटलं, आता त्या रडतील किंवा भावाच्या पाया पडतील. त्यांनी यासीनभाईंकडे पाहिलं. कॅमेरा सुरूच होता, यासीनभाईंचं लक्षच नव्हतं बंद करायचं. बाई म्हणाल्या, "दादा, चार माणसांसमोर बोलले, आता सगळ्या जिल्ह्यासमोर बोला. शेवटचा भाग हाच. पण आवाज नाही आला. पुन्हा एकदा."

हेडफोन माझ्या कानाला होता. आवाज स्वच्छ आला होता. एका नजरेत बाईंनी मला विचारलं, आणि मी मान हलवून सांगितलं, हो, नाही आला.

मामा भोळे होते आणि मानी होते. सगळ्या जिल्ह्यासमोर बोलायचं म्हटल्यावर त्यांनी टोपी सरळ केली. जाणत्यांनीही केल्या. दुसऱ्यांदा ते अधिकच गरजले, पण बरोबर "माह्या बहिनीले" या शब्दावर रेल्वे लाइनवरून मालगाडी गेली, छप्पन्न डबे, आणि ती जाईपर्यंत मामा तोंड उघडं ठेवून थांबले. सोनल बॅग घेऊन आली, मामांनी बॅगेला हात घातला, यासीनभाई म्हणाले, "कट." "पुन्हा एकदा," बाई म्हणाल्या. तिसऱ्या वेळी अर्ध्यातच लाइन गेली. त्या दिवशी लोडशेडिंगने आपली वेळ बदलली होती.

लाइन येईस्तोवर सगळे बसून राहिले. मागून बाईंनी चहा आणला. तो संपतो न संपतो तोच पडवीतून साहेबांनी आणला, कारण पाहुणे त्यांच्या खोलीत बसले होते आणि आपल्या खोलीतल्या पाहुण्याला चहा देणं त्यांचं काम होतं. एक जाणता कप हातात फिरवत म्हणाला, "एका घरी दोन डाव चहा. आमच्या घरी त एक डाव मांगा लागते." दुसरा म्हणाला, "मले त इथं भांडनाचा आवाजच नाई येऊन राहिला. माह्या घरी या कवा, दाखवतो." साहेब मधल्या खोलीत गेले होते. सोनलच्या बॅगेचा पट्टा तुटायला आला होता, तो ते सुईदोऱ्याने शिवत होते. पोरीला थांब म्हणाले नाहीत. पट्टा शिवला, ओढून पाहिला, पुन्हा दोन टाके घातले. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या आणि त्याही थांब म्हणाल्या नाहीत. सोनल पलंगावर बसून एकदा त्या पट्ट्याकडे, एकदा आईकडे पाहत होती.

लाइन आली. चौथी वेळ. मामा उभे राहिले, पण आता आवाज बसला होता. "माह्या बहिनीले..." म्हणाले आणि अडले. साहेबांकडे पाहिलं. "तू तिले काढून नाई राहिला का?" साहेब म्हणाले, "नाई." मामा म्हणाले, "मंग मी कायले आलो?" ठरल्याप्रमाणे मधलं दार उघडलं. सोनल आली. हातात बॅग नव्हती.

"मामा, मी नाही येत," ती म्हणाली. "तीनदा बॅग उचलून आणली. हात दुखला माझा." मग तिचा आवाज एकदम लहान पोरीचा झाला. "इथं माझे दोघंही आहेत. तिकडे एकही नाही."

मामांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी घातली. "मंग राहा ना, पोरी. मी का जबरदस्ती करून राहिलो?" आणि बहिणीकडे बघून, "तूही राहा. अन् हा बी राहू दे. चाहा चांगला करते."

यासीनभाईंनी सवयीने विचारलं, "बाई, एक और?"

बाई म्हणाल्या, "नाही. झालं." आणि सोनलला जवळ घेतलं. साहेब सुई दोऱ्याच्या रिळात खोचत होते, खोचता येत नव्हती.

त्याच संध्याकाळी सहा वाजता तो भाग लागला. आमची गल्ली, पुढची गल्ली, सगळ्यांची दारं उघडी आणि सगळीकडून मामांचा एकच आवाज. "चाहा चांगला करते" ला जो हशा पिकला तो मी बाईंच्या पायरीवर बसून ऐकला. शेवटी मामांच्या चेहऱ्याभोवती यासीनभाईंची दोन कबुतरं उडाली. दवनीवाड्यात दुसऱ्या दिवशी मामा एकदम मोठे कलाकार झाले, बाजारात लोक त्यांना थांबवून तो संवाद म्हणायला लावू लागले. नातेवाइकांपैकी कोणी पुन्हा कुरबुर केली तर तेच म्हणायचे, "टीव्हीवर सांगून बसलो मी आता. फिरवता येत नाई." बाईंना हे आधीपासून ठाऊक होतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. सोनलला सोमवारी शाळेत पोरींनी घेरलं, पण या वेळी विचारत होत्या, तुझे मामा पुन्हा कधी येणार? पुढच्या आठवड्यात तिच्या दोन मैत्रिणी घरी आल्या आणि पुढच्या घरात एकदा, मागच्या घरात एकदा अशा दोनदा जेवून गेल्या.

शेठजी धावत आले. "बाई, बीस एपिसोड और!" बाईंनी नाही म्हटलं. गणित सुटल्यावर वही भरत बसत नाहीत, असं काहीसं म्हणाल्या. शेठजींची मुलगी पुढच्या परीक्षेत पास झाली, ती मात्र स्वतःच्या अभ्यासावर, हे लिहून ठेवते.

मग मला देवरीला शाळा मिळाली, लग्न झालं. माझ्या संसारात बाईंचा एकच शब्द मी हुंड्यासारखा नेला. नवरा चिडून काही सांगू लागला की मी म्हणते, "पुन्हा एकदा सांगा, अगदी तसंच." तो दुसऱ्यांदा सांगायला लागतो आणि मधेच, "जाऊ दे" म्हणतो. मी चिडले की तोही मला तेच करतो, हे जरा महागात पडलं. सोनल शिकली, रायपूरला नोकरीला लागली. तिच्या लग्नाची पत्रिका त्याच दारातून वाटली गेली. मांडवात दोघं दोन बाजूंना उभे होते आणि मामा मधे बसून सगळ्यांना आपला संवाद ऐकवत होते.

बाई अचानक गेल्या. शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. मी तेव्हा पोचले, पण माणसांची गर्दी होती, साहेबांशी बोलणं झालं नाही. महिन्याभराने एका दुपारी पुन्हा हायवेच्या बसने गोंदियाला आले. दाराला दोन्ही कुलपं होती. साहेब भाजी आणायला गेले होते. मी पायरीवर बसून राहिले, जिथे कधीकाळी बाई बसल्या होत्या.

साहेब आले. खूप म्हातारे दिसले. पिशवी खाली ठेवून त्यांनी जोडकिल्ली काढली आणि माझ्यापुढे धरली. "तू उघड वं बातमी. मले आता भोक दिसत नाई." एका किल्लीला लाल दोरा होता, रंग उडालेला. मी आधी ती घेतली, बाईंची. ते कुलूप निघालं. दुसऱ्याला हात घालण्याआधी मी विचारलं, "साहेब, आता दोन कायले लावता?"

ते म्हणाले, "एकच लावलं त घर माह्या एकट्याचं होईन ना. अर्धं बाईचं आहे." त्यांनी दारावर हात ठेवला. "बाईनं मले सोडलं. घर कुठं सोडलं?"

मी दुसरं कुलूप उघडलं आणि आम्ही आत गेलो.